जनावराचा छळ: ओळखायचा कसा, तक्रार कुठे अन् काय लिहून द्यायचं (जळगाव, धुळे, नंदुरबार)

गिरणाकाठ
आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की ग्रुपवर निरोप फिरायला लागतात: ‘फलाण्या मळ्यात बैलाचे हाल चाललेत, कुणीतरी काहीतरी करा.’ सोबत एक हललेला फोटो. गाव नाही, वेळ नाही, जनावर कोणतं तेही धड दिसत नाही. एवढ्यावर पोलीस पाटीलसुद्धा जागचा हलत नाही, अन् त्याला दोष देता येत नाही.

म्हणून हा धागा. कळवळा सगळ्यांना आहे, तो इथे लिहायची गरज नाही. डोळ्याने काय बघायचं, काय मोजायचं, कोणाला सांगायचं अन् कागदावर काय उतरवायचं, तेवढंच लिहा.

सुरुवात मी करतो. उपाशी ठेवलेलं जनावर अन् नुसतंच रोड जनावर यांत फरक आहे. आपल्याकडे मे महिन्यात चांगल्या सांभाळलेल्या बैलाच्याही दोन-तीन फासळ्या दिसतात, त्यावरून तक्रार केली तर हसं होतं. बघायच्या जागा या: शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडलेत का, माकडहाडाचे मणके एकेक करून मोजता येतात का, खुब्याची हाडं टोकदार वर आलीत का, डोळे आत गेलेत का. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. तीनेक सेकंदांनीही जागेवर बसली नाही तर अंगातलं पाणी तुटलेलं आहे.

मग जनावर सोडून गोठ्याकडे बघा. गव्हाणीत ताजा चारा आहे की जुनी काड-कचरा? हौद कोरडा आहे का, शेवाळलेला आहे का? शेण ताजं पडलंय का? उन्हाळ्यात मोठ्या बैलाला दिवसाला ५०-६० लिटर पाणी लागतं, दुभत्या म्हशीला त्याहून बरंच जास्त. एक बादली ठेवली म्हणजे पाणी ठेवलं असं होत नाही.

अन् एक खूण कधी विसरू नका. दावणीला पाच जनावरं असून एकच खंगलेलं असेल तर बहुधा आजार असतो (जंत, क्षय, म्हातारपण). पाचही खंगलेली असतील तर चारा नाही.

वखर_पाभर
वरच्यात भर. कामाच्या बैलाचा खांदा बघा. खांदेसूज ही जुवामुळे होते. जू एका बाजूला झुकलेलं, बैलजोडी उंचीला विजोड, किंवा मान ओली असताना जुंपलेलं. नुसती सूज असेल अन् मालकाने जनावर मोकळं ठेवलं असेल तर तो छळ नाही, ती दुखापत आहे. फुटलेल्या खांद्यावर, पू वाहत असताना पुन्हा जू ठेवलं, तर तो गुन्हा आहे. फोटो घेताना खांदा अन् त्यावरचं जू दोन्ही एकाच चौकटीत आले पाहिजेत. नुसत्या जखमेच्या फोटोवरून ‘कामाला लावलं’ हे सिद्ध होत नाही.

पराणीच्या (हाकायच्या काठीच्या) टोकाला आर (खिळा) असेल तर मागच्या मांड्यांवर अन् शेपटीच्या आजूबाजूला बारीक बारीक खपल्या असतात. शेपटी पिरगाळून मोडलेली असेल तर हाताला गाठी लागतात अन् शेपटी वाकडी लोंबते. वेसण जुनी होऊन नाकपुडीत रुतलेली, म्होरकी (तोंडाभोवती बांधलेली दोरी) वाढत्या वासराच्या नाकाडात घुसलेली, हे तर गावोगाव दिसतं. त्यात दुष्टपणा नसतो, बघितलेलंच नसतं. तिथे आधी पशुधन पर्यवेक्षकाला घेऊन जा. दहा मिनिटांत म्होरकी कापून होते.

पोळ्याला शिंगं साळताना (तासताना) रक्त दिसलं तर समजा साळणाऱ्याचा हात जिवंत भागापर्यंत गेला. वॉर्निश लावून झाकलं तरी माश्या सांगतात.

भरीत_पार्टी
मंग काय करानं भो? दुपारी बारा वाजता ४४ डिग्रीत गाडीला बैल जुंपलेला दिसतो. शेतकरी म्हणतो माझं जनावर, माझं काम. याला कायदा काही म्हणतो का?

तालुका_कोर्ट
म्हणतो, अन् स्पष्ट म्हणतो. ओढकामाच्या अन् ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५चे केंद्राचे नियम आहेत. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त नाही. विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. आपल्याकडे मार्चअखेर ते जून हे जवळजवळ रोज लागू पडतं. टोकदार काठी, काटे असलेला लगाम, खिळ्यांचं जू यांनाही त्याच नियमांत बंदी आहे.

आता बारकावा. हे नियम गाडी ओढणं अन् पाठीवर ओझं वाहणं यांबद्दल आहेत. नांगर-वखराला १२ ते ३ चा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे मूळ कायद्याचं कलम ११(१) वापरावं लागतं: (क) मारहाण, अति राबवणे, अति ओझं, (ख) आजारी, जखमी किंवा अशक्त जनावर कामाला लावणे. तक्रारीत चुकीचा नियम लिहिला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला तोच पकडतो.

तापमानाचा पुरावा म्हणून मोबाईलवरच्या ॲपचा स्क्रीनशॉट कामाचा नाही. हवामान खात्याच्या जवळच्या केंद्राची त्या दिवसाची नोंद मागा. जळगावकरांना ममुराबादचं केंद्र जवळ आहे.

ओझ्याचे आकडे पाठ ठेवा: गाढव ५० किलो, तट्टू ७०, खेचर २००, उंट २५०. वीटभट्टीवरच्या गाढवाच्या पाठीवर किती विटा आहेत ते मोजा, एका विटेचं वजन घ्या, गुणाकार करा. अंदाज लागत नसेल तर हवालदाराच्या वरच्या नव्हे, शिपायाच्या वरच्या कोणत्याही पोलिसाला जनावर वजनकाट्यावर न्यायला सांगण्याचा अधिकार आहे.

केळीचा_घड
सगळं खरं, पण दंड किती? दहा रुपये ते पन्नास रुपये. ऐकूनच माणूस हसतो. कशाला पोलीस स्टेशनच्या पायऱ्या झिजवायच्या?

तालुका_कोर्ट
प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६०चा आहे, दंडही जुनाच राहिला. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये, तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कलम ११ मधले बहुतेक प्रकार अदखलपात्र आहेत. म्हणजे ठाण्यात एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) होते अन् दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण तीन गोष्टी लोक विसरतात.

एक, ज्या कृत्यात जनावर मेलं, विष दिलं, अपंग झालं किंवा निकामी झालं, तिथे भारतीय दंड संहितेचं कलम ४२९ लागतं, त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

दोन, कलम ११ मध्येसुद्धा काही पोटकलमं दखलपात्र आहेत: अंगच्छेद किंवा अमानुष पद्धतीने मारणं, झुंजी भरवणं, अन् नेमबाजीसाठी जनावर वापरणं. तसंच कलम १२, दुधासाठी फुंका (दूध वाढवायला गायी-म्हशीच्या मागच्या मार्गात हवा फुंकणं) किंवा इंजेक्शन. त्यात २ वर्षांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड अन् जनावर सरकारजमा.

तीन, दंड दहा रुपये असला तरी जनावर जप्त होऊ शकतं. शेतकऱ्याला, गाडीवाल्याला अन् व्यापाऱ्याला तीच खरी झळ बसते. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११९ बहुतेक ठाणी सोबत लावतात.

तापीथडी
दुरुस्ती. ४२८-४२९ आता नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, तिचं कलम ३२५ लिहायचं. जुन्या कायद्यात जनावराच्या किमतीप्रमाणे दोन कलमं होती, दहा रुपये अन् पन्नास रुपये अशी. आता किंमत काढलीच. भटकं कुत्रं असो की लाखाची म्हैस, कलम एकच. त्यामुळे ‘बेवारस कुत्र्याची किंमत काय?’ हा ठाण्यातला जुना प्रश्न मोडीत निघाला.

तालुका_कोर्ट
बरोबर, सवयीने लिहिलं गेलं. १ जुलै २०२४ आधीच्या घटनेला मात्र जुनंच कलम लागेल. ३२५ दखलपात्र आहे, म्हणून एफआयआर घ्यावाच लागतो. घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे.

हद्दीचा वाद घालत असतील तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर, हद्द कोणाचीही असो) नोंदवायला सांगा. महामार्गावरच्या घटनेत हे हमखास होतं. गाडी मुक्ताईनगरला दिसली अन् थांबली पारोळ्याला, तर दोन्ही ठाणी एकमेकांकडे बोट दाखवतात.

अन् हे मोठ्या अक्षरात वाचा. १९६०च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून ३ महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. कलम ३६. ‘बघू, पोळ्यानंतर करू’ म्हणणाऱ्यांची निम्मी प्रकरणं इथेच मरतात.

ढोरांचा_डॉक्टर
विषबाधेवर लिहायलाच हवं, कारण कपाशीच्या पट्ट्यात फवारणीची औषधं घरोघर आहेत अन् कुत्र्यांना घालायला तीच वापरली जातात.

फवारणीच्या फॉस्फरसवर्गीय औषधाने (क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, थिमेट वगैरे): तोंडातून लाळेची धार, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंगावर बारीक थरथर, पातळ हगवण, धाप. काही मिनिटांपासून काही तासांत. उतारा ॲट्रोपिन, तो डॉक्टरच देणार.

उंदराच्या काळ्या पावडरने (झिंक फॉस्फाइड): उलटी, पोट फुगणं, तोंडाला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास. पोटात विषारी वायू तयार होतो, म्हणून मेलेलं जनावर स्वतः फाडू नका, अन् उलटीवर वाकून वास घेत बसू नका.

उंदराच्या वड्यांचा दुसरा प्रकार रक्त गोठू देत नाही. त्याची लक्षणं २ ते ५ दिवसांनी येतात: हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, काळी हगवण. तोपर्यंत ‘विष घातलं’ हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. यावर व्हिटॅमिन के१ चालतं, लवकर नेलं तर जनावर वाचतं.

दूध पाजणं, तेल पाजणं, मिठाचं पाणी पाजणं हे तिन्ही बंद करा. आचके देणाऱ्या जनावराच्या तोंडात काहीही ओतलं की ते फुप्फुसात जातं. अन् लाळ गाळणारं प्रत्येक कुत्रं विषाचंच नसतं. खालचा जबडा लोंबलेला, आवाज बदललेला, एक-दोन दिवसांपासून चाल बिघडलेली असेल तर पिसाळलेलं समजून हात लावू नका. विषबाधा अचानक होते अन् बहुधा एका गल्लीत दोन-चार कुत्री एकदम लोळतात.

सातपुडापायथा
डॉक्टर, गुरांचंही सांगा. बैल मेला की शेजाऱ्यावर आळ येतो, दोन घरांची डोकी फुटतात.

ढोरांचा_डॉक्टर
त्यातली बरीच प्रकरणं किराळची (कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेची) असतात. पावसाने ताण दिला की ज्वारीच्या कोवळ्या किंवा कापणीनंतर फुटलेल्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल वाढतं. जनावर सुटून त्यात शिरलं की पाव-अर्ध्या तासात कोसळतं: धाप, मान मागे, रक्त नेहमीपेक्षा लालभडक. उतारा सोडियम थायोसल्फेट शिरेतून, पण वेळ फार थोडा मिळतो. दुसरं कारण युरिया. गोणी फोडून चाटणं, नाहीतर ज्या ड्रमात युरिया कालवला त्याचंच पाणी पिणं. पोट गच्च फुगतं, तोंडाला फेस येतो, जनावर हंबरत पडतं.

म्हणून आळ घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: जनावर सुटलं होतं का, शेजारी ज्वारी कोणत्या अवस्थेत आहे, खताच्या गोण्या कुठे आहेत. तरीही शंका असेल तर शवविच्छेदन करा. घरात बसून उत्तर निघत नाही.

शवविच्छेदनासाठी ठाण्याचं पत्र लागतं, ते तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याच्या नावाने घ्यायचं. पोटातला माल, काळीज, मूत्रपिंड वेगवेगळ्या बरण्यांत, मिठाच्या गच्च द्रावणात, सीलबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. फॉर्मॅलिनमध्ये घातलं की विषाचा तपास बिघडतो. हे डॉक्टरला माहीत असतंच, पण बरण्या आणायला तुम्हालाच पाठवलं तर नव्या, रुंद तोंडाच्या, कोरड्या आणा. लोणच्याची धुतलेली बरणी नको. किराळची शंका असेल तर पोटातला माल हवाबंद करून त्याच दिवशी पाठवायचा, नाहीतर आम्ल उडून जातं अन् अहवाल कोरा येतो.

केळीचा_घड
रावेर-यावलकडे डुकरांसाठी कुंपणात थेट करंट सोडतात. त्यात गाय गेली तर?

सातपुडापायथा
झटका मशीन वेगळं, मीटरवरून किंवा आकडा टाकून थेट तारेत सोडलेला करंट वेगळा. झटका मशीन ठोक्याठोक्याने झटका देतं, त्यात जनावर मरत नाही, पळतं. थेट करंटने मेलेल्या जनावराच्या नाकपुडीवर किंवा पायावर तारेच्या रेषेत जळल्याचा पट्टा असतो, अन् बऱ्याचदा ते तारेजवळच पडलेलं असतं.

पहिलं काम जनावर ओढणं नाही. महावितरणला फोन करून लाइन बंद करून घ्या. वाचवायला गेलेली माणसं यात मेली आहेत. मग तार, खुंट्या, आकडा टाकलेला पोल यांचे फोटो काढा. तार रातोरात गुंडाळली जाते. महावितरणचा पंचनामा वेगळा होतो, आकड्याला वीज कायदा २००३चं कलम १३५ लागतं. गाय-बैल मेला तर वर सांगितलेलं ३२५. डुक्कर, नीलगाय, बिबट्या असेल तर वन विभाग, हेल्पलाइन १९२६.

पिठाच्या गोळ्यात घातलेल्या स्फोटकाने गुराचा जबडा उडाला असेल तर आजूबाजूला न फुटलेले गोळे असू शकतात. माणसं लांब करा, ११२ लावा, काहीही उचलू नका.

पिंजऱ्यातला पोपट, नागपंचमीला टोपलीतला नाग, दोन्ही वन्यजीव कायदा १९७२ खाली गुन्हे आहेत. तिथेही १९२६.

वखर_पाभर
सारंगखेड्याच्या यात्रेत जाणाऱ्यांसाठी थोडं. घोडा बघताना रंग अन् चाल सगळेच बघतात, तुम्ही ओठांचे कोपरे बघा. काटेरी लगाम असेल तर तिथे फाटून पांढरे वण पडलेले असतात, जिभेच्या कडेला खाच असते. मागच्या पायांच्या सांध्याखाली पिछाडीच्या दोराचे वळ बघा. दोर गच्च बांधून रात्रभर ठेवला की कातडी सोलून निघते. काटेरी कडी हातात मिळाली तर तिचा फोटो घोड्याच्या तोंडासोबत घ्या. यात्रेत पशुसंवर्धनची माणसं असतातच, त्यांना तिथल्या तिथे दाखवलेलं बरं. घोडा विकला गेला की शोधणार कुठे?

भरीत_पार्टी
महामार्गावर रात्री गुरांनी कोंबलेल्या गाड्या दिसतात. आमची पोरं आडव्या गाड्या घालतात.

व्यवस्थापक
इथे थांबवतो. गाडी अडवणं, चालकाला उतरवणं, मारहाण, त्याचं नाव-गाव विचारून व्हिडिओ टाकणं, यातलं काहीही इथे सुचवलं तर प्रतिसाद उडवला जाईल. अडवणाऱ्यावरच गुन्हे दाखल होतात अन् मूळ प्रकरण कमकुवत होतं. मालकाची जात-धर्म हा या धाग्याचा विषय नाही. कायद्याची माहिती असलेल्यांनी पुढचं सांगावं.

तापीथडी
मागून जाताना एवढं टिपा: गाडीचा नंबर, गाडी कोणत्या दिशेला चालली, शेवटचा टोलनाका किंवा गावाची पाटी, वेळ, अंदाजे जनावरं किती, अन् दिसलेला त्रास (पाय दोरीने बांधलेले, एकावर एक पडलेली, मान फाळक्याला लटकलेली). ११२ वर हेच याच क्रमाने सांगा. ‘कत्तलीला चालल्यात’ हा तुमचा अंदाज आहे, तो सांगू नका. ‘पिकअपमध्ये नऊ म्हशी, दोन खाली पडलेल्या’ हे बघितलेलं आहे, ते सांगा.

मोजायला नियम आहेत. १९७८च्या वाहतूक नियमांप्रमाणे एका मालगाडीत ६ पेक्षा जास्त मोठी गुरं नाहीत, सोबत माणूस हवा, तंदुरुस्तीचा दाखला हवा, चारा-पाणी हवं, गुरांची तोंडं इंजिनाकडे. मोटार वाहन नियम १२५-ई प्रमाणे गाय-म्हशीला प्रत्येकी २ चौरस मीटर, शेळी-मेंढीला ०.३, डुकराला ०.६, अन् मध्ये कायमचे कप्पे. साध्या पिकअपचा हौदा साधारण चार-साडेचार चौरस मीटर धरा. दोन मोठी जनावरं झाली की तो कायद्याने भरला.

पायी नेण्याचेही नियम आहेत, २००१चे. गायीला दिवसाला जास्तीत जास्त ३० किलोमीटर, म्हशीला २५, ८ तासांच्या वर नाही, दर दोन तासांनी पाणी, दर चार तासांनी चारा, सूर्यास्तानंतर चालवायचं नाही. बाजाराच्या आदल्या रात्री सावद्याच्या रस्त्याला काय दिसतं ते ज्याने त्याने ताडून बघावं.

कानातला १२ अंकी बिल्लाही टिपा. जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय गुरांची खरेदी-विक्री अन् वाहतूक करता येत नाही. त्या नंबरावरून जनावराचा मालक निघतो.

केळीचा_घड
व्हिडिओ काढला. आता पुढे?

तालुका_कोर्ट
पुढे कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, निदान नेहमीच्या पद्धतीने तर नाहीच. फाइल दाबली जाते, आतली वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. गाणं जोडू नका, नाव लिहू नका, कापू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फोन कोणाचा, फाइल कोणती अन् तिची हॅश किंमत (फाइलचा अंकी ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) काय, हे येतं. म्हणून ज्याच्या फोनवर चित्रण झालं तो माणूस साक्षीला उभा राहणारा हवा.

काढताना पहिला शॉट लांबून: मैलाचा दगड, दुकानाची पाटी, मंदिर, काहीतरी ठिकाण ओळखू येईल असं. मग जनावर पूर्ण. मग जखम जवळून, शेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. तीस सेकंद हात न हलवता. स्वतः बोलू नका. शिव्या रेकॉर्ड झाल्या की त्याच आधी ऐकवल्या जातात.

अर्जाचा नमुना देतो, आपापल्या प्रकरणाप्रमाणे बदला:

‘प्रति, पोलीस निरीक्षक. विषय: जखमी बैलाला कामाला जुंपल्याबाबत. दि. ….. रोजी दुपारी १.१० वा. मौजे ….., ता. ….. येथील ….. रस्त्यावर, ….. च्या दुकानासमोर, एका बैलगाडीला जुंपलेल्या पांढऱ्या बैलाच्या उजव्या खांद्यावर अंदाजे तळहाताएवढी उघडी, पू वाहणारी जखम होती व जू त्याच जखमेवर होते. कानातील बिल्ला क्र. ….. गाडीत ….. भरलेले होते. बैल दोन वेळा बसला, हाकणाऱ्याने टोकदार काठीने टोचून उठवले. हे मी व ….. यांनी समक्ष पाहिले. चित्रफीत व ४ छायाचित्रे सोबत. जनावराची पशुवैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत तपासणी करून प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम १९६०, कलम ११(१)(क) व (ख) तसेच १९६५ च्या नियमांनुसार कारवाई व्हावी.’

दोन प्रती. एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. तिसरी प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला, स्पीड पोस्टाने. ती जिल्हाधिकारी अन् पशुसंवर्धन उपआयुक्तांच्या कार्यालयामार्फत गाठता येते. अर्जात ‘निर्दयी’, ‘राक्षसी’ असे शब्द नकोत. जखमेचं माप त्यांच्यापेक्षा जास्त बोलतं.

सातपुडापायथा
गावात राहायचं असतं भो. नाव बाहेर आलं तर बांधावरची भांडणं सुरू होतात. काय करायचं?

तापीथडी
पोलीस स्वतः फिर्यादी होऊ शकतात, सरकारतर्फे. गस्तीवरच्या माणसाने डोळ्याने बघितलं की तुमचं नाव यायचं कारणच नाही. म्हणून चालू असलेल्या घटनेत अर्जापेक्षा ११२ बरा. गोठ्यात उपाशी ठेवण्यासारखं रोजचं प्रकरण असेल तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्याकडून भेट घडवून आणा. १९६२ वर फोन केला की गुरांसाठी फिरतं पथक येतं. डॉक्टरची भेट गावात कुणाला खुपत नाही, अन् त्याच्या नोंदवहीत जनावराची अवस्था तारखेनिशी उतरते. पुढे लागलीच तर ती नोंद तुमच्या शब्दापेक्षा वजनदार.

बऱ्याच वेळा प्रकरण तिथेच मिटतं. चारा संपलेला, मालक दवाखान्यात, पोरगा सुरतेला, अशी कारणं निघतात. गावातून दोन गाड्या कडबा आला तर कलमाची गरज नाही. पण पंधरा दिवसांनी तीच अवस्था दिसली तर मात्र अर्ज.

भरीत_पार्टी
जप्त केलेलं जनावर पुन्हा त्याच मालकाकडे जातं म्हणतात.

तालुका_कोर्ट
जातं, कारण कोर्टात त्या दिवशी दुसरं कोणी उभं नसतं. २०१७च्या मुद्देमाल-जनावरांच्या नियमांप्रमाणे खटला चालेपर्यंत जनावर पांजरपोळ, गोशाळा किंवा सोसायटीकडे ठेवता येतं, अन् सांभाळाचा खर्च आरोपीकडून घेता येतो. त्यासाठी मालकाचा ताब्याचा अर्ज येण्याआधी पांजरपोळची संमती लेखी हातात हवी: जागा आहे, इतकी जनावरं घेऊ, रोजचा खर्च इतका. सरकारी वकिलाला ते पत्र आधीच द्या. डॉक्टरचा तपासणी अहवाल सोबत असेल तर कोर्ट बघतं.

अर्जाचं काय झालं ते कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. प्रश्न एवढाच: ‘आवक क्र. ….. वर केलेल्या कारवाईची प्रत व स्टेशन डायरीतील नोंद द्यावी.’ ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारलं की ‘ही माहिती नाही’ असं उत्तर येतं.

गिरणाकाठ
कुत्र्यांबद्दल एक राहिलं. नगरपालिकेने पकडून लांब जंगलात सोडणं २०२३च्या नियमांत बसत नाही. नसबंदी अन् लस करून त्याच भागात सोडायचं असतं. मात्र नोव्हेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळा, दवाखाने, बसस्थानक, रेल्वेस्थानक यांच्या आवारातली कुत्री परत तिथे सोडत नाहीत, निवाऱ्यात ठेवायची असतात. तक्रार करताना कुत्रं कुठून उचललं हे आधी लिहा, त्यावरच सगळं ठरतं.

केळीचा_घड
डॉक्टर, शेवटचा प्रश्न. शनिवारी दुपारी कुत्रं मेलं, ठाण्याचं पत्र संध्याकाळी मिळतं, डॉक्टर सोमवारी. या उन्हात तोपर्यंत काय राहणार?

ढोरांचा_डॉक्टर
आधी रविवारी कोणी आहे का ते जिल्हा पशु सर्वचिकित्सालयात विचारा, बऱ्याचदा असतं. नसेल तर हातमोजे घालून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, सावलीत ठेवा, चारही बाजूंनी बर्फ, अन् वितळला की बदला. उरलेला खाद्याचा तुकडा, उलटी, जवळची पुडी वेगळ्या पिशवीत. कुठून उचललं त्याचा फोटो उचलण्याआधी.

केळीचा_घड
रसवंतीवाल्याकडचा बर्फ चालेल का?

ढोरांचा_डॉक्टर
चालतो. फक्त पिशवीत भरून लावा. पाणी अंगावर वाहिलं तर तोंडाजवळचा फेस धुऊन जातो, अन् डॉक्टरला तो बघायचा असतो.